‘करायलो’चं ‘करायला’ होऊ नये म्हणून: मराठी कीबोर्डची आपोआप दुरुस्ती कशी आवरायची?

सिंदफणा

मराठवाड्याच्या बोलीत कथा, संवाद, एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. कीबोर्ड स्वतःहून शब्द बदलतो हा त्रास प्रमाण मराठीतही आहेच, पण बोलीत तो ओळीओळीला होतो.

‘मी घरी जायलो’ (जातोय) लिहून स्पेस दाबला की ‘जायलो’चं ‘जायला’. बोलणारा परभणीकडचा आहे हे त्या एका ओकारातून कळत असतं, नेमका तोच जातो. ‘मपलं’चं ‘आपलं’ होतं. मपलं म्हणजे माझ्या एकट्याचं, आपलं म्हणजे सगळ्यांचं. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या तोंडी हा बदल झाला तर अर्थ थेट उलटतो. ‘औंदा’ (यंदा), ‘कामून’ (कशाला), ‘बिगीनं’ (लवकर) यांच्याखाली लाल रेघ. शिवाय ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्य आणि मधूनच घुसणारे हिंदी शब्द.

मोघम ‘सेटिंगमध्ये जाऊन बंद करा’ नको. कुठलं बटण, कशासाठी, आणि बंद केल्यावर काय हातचं जातं, असं नेमकं लिहा.

तेरणा

ताई, आधी एक फरक मनात पक्का करा. कीबोर्डची दोन कामं वेगवेगळी आहेत: वरच्या पट्टीत शब्द सुचवणं आणि लिहिलेला शब्द परस्पर बदलणं. दोन्हींची बटणं वेगळी असतात. बरेच जण वैतागून दोन्ही बंद करतात आणि मग ‘अंबाजोगाई’, ‘छत्रपती संभाजीनगर’ दर वेळी अक्षर अक्षर लिहीत बसतात. सुचवणं ठेवा, बदलणं बंद करा.

अँड्रॉइडवर गूगलचा जीबोर्ड असेल तर कीबोर्डवरच्या दातेरी चाकावर दाबा, ‘टेक्स्ट करेक्शन’ उघडा. फोन मराठीत असेल तर नावं मराठीत दिसतील. तिथे ‘ऑटो-करेक्शन’ बंद करा. ‘सजेशन स्ट्रिप’ चालू राहू द्या. ‘नेक्स्ट-वर्ड सजेशन्स’ हे पुढचा शब्द आधीच सुचवतं. बातमी लिहिताना त्याचा उपयोग आहे, संवाद लिहिताना ते लक्ष ओढतं, तेव्हा तेही बंद केलेलं बरं. ऑटो-करेक्शन ठेवायचंच असेल तर ‘अनडू ऑटो-करेक्ट ऑन बॅकस्पेस’ तरी चालू करा. म्हणजे शब्द बदलल्या बदलल्या एकदा बॅकस्पेस मारला की तुमचा मूळ शब्द परत येतो. मात्र पुढचं अक्षर लिहायच्या आत मारायला हवा, नंतर तो साधा बॅकस्पेस होतो.

आता हे होतं कशामुळे. यंत्र दोन अंदाज एकत्र तोलतं: या जागी कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, आणि लिहिणाऱ्याचं बोट चुकून पडलं असण्याची शक्यता किती. ज्या मजकुरावर ते शिकलेलं असतं त्यात ‘करायला’ ढिगानं असतो, ‘करायलो’ नावालाही सापडत नाही. दोन्हींत फरक एका काना-ओकाराचा. त्यामुळे ‘बोट चुकलं’ हा निष्कर्ष त्याला सोपा पडतो. शब्द जितका प्रमाण शब्दाच्या जवळ, तितका त्याला धोका जास्त. ‘बुचाड’ (कापून रचलेल्या पिकाचा ढीग) सहसा वाचतो, कारण त्याच्या आसपास दुसरा कुठला शब्द नाही. फक्त लाल रेघ येते. करायलो, जायलो, मपलं हे मात्र सापडतात.

दुधना

तेरणा दादांनी देवनागरी मांडणीबद्दल लिहिलं. पण आपल्याकडे निम्मे लोक इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, म्हणजे ‘एबीसी → मराठी’वाला कीबोर्ड. तिथे दुखणं वेगळं आहे, आणि ऑटो-करेक्शन बंद करून ते जात नाही.

रोमन एल म्हणजे ल की ळ? एन म्हणजे न की ण? टी म्हणजे त की ट? डी म्हणजे द की ड? ‘एम-ए-एल’ लिहिलं की माल, माळ, मळ, मल असे चार शब्द उभे राहतात, आणि लिपी बदलताना यंत्राला एक निवडावाच लागतो. ते जास्त वापरातला निवडतं. काल-काळ, वेल-वेळ, पान-पण या जोड्यांत म्हणूनच सतत गोंधळ. शेतीचं लिहिताना माळ म्हणजे खडकाळ रान आणि माल म्हणजे बाजाराला नेलेला माल एकाच परिच्छेदात येतात, तिथे तर जास्तच.

बोलीत दोन पानांपेक्षा जास्त लिहायचं असेल तर देवनागरी मांडणी शिकून घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. जीबोर्डमध्ये लँग्वेजेस → अॅड कीबोर्ड → मराठी असं गेलं की वर मांडण्यांची चित्रं दिसतात. देवनागरीवाली निवडा, लिप्यंतराची खूण काढा. पहिले काही दिवस हात अडखळतो, पण ळ दाबला की ळच येतो. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रानं केलेला ‘स्वरचक्र’ही याच जातीचा आहे. व्यंजनावर बोट दाबून धरलं की भोवती काना-मात्रांचं चक्र उघडतं. त्याचा सगळा भर अक्षर जुळवण्यावर आहे.

गोदाकाठ

हिंदीच्या घुसखोरीबद्दल कुणी बोललं नाही अजून. कारण साधं आहे: मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत या सगळ्यांना युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत) देवनागरीचा एकच गट आहे, ०९०० ते ०९७एफ. नुसत्या अक्षरांवरून भाषा ओळखता येत नाही. फोनमध्ये हिंदी कीबोर्डही बसवलेला असेल आणि बोट चुकून पृथ्वीच्या गोलावर पडलं, तर दोन्ही कीबोर्ड दिसायला सारखे असल्यामुळे पटकन कळतही नाही. मग ‘कवी’च्या जागी कवि, ‘शांती’च्या जागी शांति, ‘की’च्या जागी कि.

मराठीत हा नियमाचा प्रश्न आहे. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ वाढले. त्यांनुसार तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ: कवी, गुरू, शांती. समासात पहिलं पद असेल तर मुळासारखा ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. ‘आणि’, ‘नि’ ऱ्हस्वच, ‘तथापि’सारखी तत्सम अव्ययंही ऱ्हस्वच. यंत्राला समास कळत नाही. ‘कवी’ पक्का केला की ते ‘कवीसंमेलन’ सुचवतं, आणि तोच चुकीचा शब्द गावोगावच्या फलकांवर दिसतो.

उपाय: हिंदी लागत नसेल तर लँग्वेजेसमधून तो कीबोर्ड काढून टाका. लागतच असेल तर स्पेसच्या पट्टीवर भाषेचं नाव दिसतं ते बघायची सवय लावा.

पऱ्हाटी

सामान्यरूपाचंही तेच. जमीन → जमिनीत, बहीण → बहिणीला, विहीर → विहिरीवर, फूल → फुलाचं. उपान्त्य अक्षर ऱ्हस्व होतं. वेबवर ‘जमीनीत’, ‘विहीरीवर’ इतक्यांदा चुकीचं लिहिलेलं आहे की सुचवणीत तेही येतं. एकदा जरी त्यावर बोट पडलं तर फोन ते तुमचा शब्द म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आणखी वर दाखवतो.

काढायचं असं: पट्टीत चुकीचा शब्द दिसला की त्यावर बोट दाबून धरायचं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र येतं, शब्द ओढून त्यात टाकायचा. फारच घाण साठली असेल तर जीबोर्डच्या ‘प्रायव्हसी’त ‘डिलीट लर्न्ड वर्ड्स अँड डेटा’ आहे. पण सांभाळून, त्यानं फोननं शिकलेले चांगले शब्दही जातात.

मांजरा

ऱ्य वर सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्याबद्दल लिहिणाऱ्याला ‘शेतकऱ्यांना’ टाळता येत नाही.

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. र + हलन्त + य लिहिलं की रफार येतो: र्य. ऱ्य हवा असेल तर सुरुवातीला ऱ घ्यावा लागतो, नुक्त्याचा र, क्रमांक ०९३१. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची की (तिच्यावर य आहे), मग कान्यासाठी ई: ऱ्या. पऱ्हाटी (कापसाचं झाड), वऱ्हाड यांतला ऱ्ह पण असाच, फक्त य ऐवजी ह. फोनवर र दाबून धरला की ऱ वर येतो.

अडचण पुढं आहे. हाच आकार दुसऱ्या वाटेनंही मिळतो: साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्ह-वर्ण, क्रमांक २००डी. डोळ्याला दोन्ही ‘शेतकऱ्यांना’ तंतोतंत सारखे. यंत्राला ते दोन निराळे शब्द. म्हणून एकाखाली लाल रेघ येते, दुसऱ्याखाली नाही. शोधायला गेलं तर निम्मेच सापडतात. दोघांतिघांनी मिळून लिहिलेल्या अंकात हे हमखास होतं.

सगळं एकसारखं करायचं तर मजकूर नोटपॅड++ सारख्या साध्या संपादकात घ्या. मजकुरातलाच तो दुसऱ्या जातीचा ‘र्‍’ उचलून ‘शोधा’च्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत ०९३१ वाला ‘ऱ्’ ठेवा आणि सगळे एकदम बदला. न दिसणारं चिन्ह उचललं गेलंय का, हे बदललेल्यांच्या आकड्यावरून कळतं. आकडा शून्य आला तर त्या जातीचा एकही शब्द मजकुरात नाही. आकडा अवाच्या सवा आला तर फक्त र आणि हलन्तच उचलला गेलाय, लगेच मागं घ्या, कारण मग ‘सूर्य’चा ‘सूऱ्य’ झालेला असतो.

अशाच आणखी तीन जोड्या पाहून घ्या. ‘ॲ’: क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी आणि अजूनही अनेक ठिकाणी अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहितात, दिसायला एकच. (दुधनाताईंच्या प्रतिसादातला ‘अॅड’ तसाच आहे, चूक काढत नाही, नमुना म्हणून सांगतो.) ‘बँक’: एकात ब वर चंद्रबिंदू, दुसऱ्यात ब वर चंद्र आणि वेगळा अनुस्वार. आणि विसर्ग. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकायची सवय सर्वत्र आहे. अपूर्णविराम आला की यंत्राच्या लेखी शब्द तिथंच संपला. मग ते ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे तपासतं आणि दोन्ही दुरुस्त करायला बघतं.

डीटीपी_नांदेड

वर सगळं युनिकोडचं झालं. छपाईच्या दुकानांत अजून कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी चालतात, त्यांचं सांगतो. तिथे वर्डचं ऑटोकरेक्ट फार नुकसान करतं, कारण हे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांवरच बसवलेले आहेत. वर्डला तिथं मराठी दिसतच नाही, त्याला इंग्रजी दिसतं.

उदाहरण बघा. कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द डी, के, ई या लहान अक्षरांनी उमटतो. परिच्छेदाचा पहिला शब्द असेल तर वर्ड पहिलं अक्षर मोठं करतं. मोठ्या डीवर अर्धा क् आहे. झालं ‘क्ाम’. कागदावर अर्धा क आणि काना चिकटून दिसतात, घाईत नजर चुकते. पुढं तोच मजकूर युनिकोडमध्ये फिरवला की तिथं तुटका गोल येतो. एकेरी-दुहेरी अवतरणाच्या कीवर अर्धे श् आणि ष् आहेत. वर्ड त्या सरळ अवतरणाचं गोल अवतरण करतं, की श गायब आणि भलतंच चिन्ह हजर.

टायपिंगला बसायच्या आधी: फाइल → ऑप्शन्स → प्रूफिंग → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांच्या सगळ्या खुणा काढा (वाक्याचं पहिलं अक्षर, तक्त्याच्या चौकटीतलं पहिलं अक्षर, वारांची नावं, दोन मोठी अक्षरं, कॅप्स लॉक), आणि ‘रिप्लेस टेक्स्ट अॅज यू टाइप’ही काढा. मग ‘ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप’ या पानावर गोल अवतरणं, अपूर्णांक, क्रमवाचक, दोन आडव्या रेघांची एक रेघ या खुणा काढा. लक्षात घ्या, खूण काढल्यानं आधी बिघडलेला मजकूर सुधरत नाही, फक्त पुढचं बिघडणं थांबतं.

युनिकोड मजकुरात पानभर लाल रेघा येत असतील तर बहुतेक वेळा वर्ड तो इंग्रजी समजून तपासतं. सगळं निवडा, रिव्ह्यू → लँग्वेज → सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथं मराठी निवडा, ‘डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली’ची खूण काढा. बोलीतला मजकूर असेल तर त्याच चौकटीत ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ आहे. नुसत्या संवादांना वेगळी शैली (वर्डमधली ‘स्टाइल’) करून तिला ही खूण लावली की निवेदन तपासलं जातं आणि संवाद सुटे राहतात. मला ही पद्धत सगळ्यांत सोयीची वाटते.

सिंदफणा

शैलीची युक्ती फार उपयोगाची, धन्यवाद सर. आता शब्द कसे भरायचे? एक एक टाकत बसलं तर ‘पऱ्हाटी’ ओळखतो आणि ‘पऱ्हाट्यांना’ परत अडवतो.

तेरणा

ते होणारच. शब्दसूचीवर चालणाऱ्या तपासनिसाला मराठी नाम म्हणजे एक शब्द नाही, शब्दांचं कुटुंब आहे. घर, घरात, घरातला, घरातल्यांनीसुद्धा, सगळे एका तुकड्यात. लिबरऑफिस, फायरफॉक्स यांची शब्दतपासणी ज्यावर चालते त्या हन्स्पेलमध्ये मूळ शब्दांची एक फाइल आणि प्रत्यय कसे लागतात याची दुसरी फाइल असते. पण वैयक्तिक शब्दकोशात टाकलेल्या शब्दाला हे प्रत्यय आपोआप लागत नाहीत.

म्हणून प्रत्येक नामाची सहा रूपं टाका: बुचाड, बुचाडाला, बुचाडात, बुचाडाचं, बुचाडं, बुचाडांना. क्रियापदाची चार पुरतात: करायलो, करायलास, करायली, करायलेत. संवादात तीच फिरून फिरून येतात. सव्वाशे-दीडशे नोंदींत एका कादंबरीपुरती बोली बसते.

जीबोर्डमध्ये डिक्शनरी → पर्सनल डिक्शनरी → मराठी → अधिकचं चिन्ह. दोन रकाने आहेत, शब्द आणि शॉर्टकट. ‘सर्व भाषा’मध्ये टाकू नका, नाहीतर हिंदी लिहिताना हे शब्द डोकावतील. शॉर्टकट लांब नावांसाठी ठेवा, २०२३ साली जिल्ह्यांची नावं बदलल्यावर तर त्याची गरज वाढलीच आहे: ‘छसंन’ लिहिलं की ‘छत्रपती संभाजीनगर’. शॉर्टकट निरर्थक अक्षरांचा हवा. ‘धारा’ असा खरा शब्द धाराशिवसाठी ठेवला तर पावसाच्या धारा लिहिताना अडेल.

दीडशे शब्द फोनवर टाकायचे नसतील तर हातानं एकच टाका आणि त्याच पानावरच्या मेनूतून एक्सपोर्ट करा. झिप फाइलमध्ये साधी मजकूर-फाइल मिळते. तिच्यात ओळीगणिक शॉर्टकट, शब्द आणि भाषेची खूण, मध्ये टॅब. तुमच्या शब्दाच्या ओळीत भाषेची खूण जशी दिसते तशीच बाकी ओळींना द्या, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, परत इम्पोर्ट करा. टॅबऐवजी स्पेस पडली तर ती ओळ नीट वाचली जात नाही. फोन बदलायच्या आधीही हीच फाइल काढून ठेवा.

लेंडी

आयफोनवर?

दुधना

सेटिंग्ज → जनरल → कीबोर्ड. तिथं ‘ऑटो-करेक्शन’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह’ अशी दोन वेगळी बटणं आहेत. वैयक्तिक शब्दांसाठी तिथंच ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. शिकलेलं सगळं पुसायचं तर जनरल → ट्रान्सफर ऑर रीसेट → रीसेट → रीसेट कीबोर्ड डिक्शनरी. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर टूल्स → प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑटोमॅटिकली करेक्ट स्पेलिंग’ वेगळं बंद करावं लागतं. फोनचं बंद केलं म्हणून संगणकावरचं बंद होत नाही.

गोदाकाठ

जुने अभंग-ओव्या उतरवणाऱ्यांसाठी एक. जनाबाई, नामदेव, एकनाथ उतरवताना जें, तें, कां, म्हणौनि असे जुने अनुस्वार आणि रूपं येतात. ऑटो-करेक्शन बंद असलं तरी फोन ही रूपं शिकत राहतो, आणि महिनाभरानं साध्या पत्रात ‘तें’ सुचवायला लागतो. असा मजकूर क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिहा. तिथं जीबोर्डही शिकणं थांबवतो. लिहून झालं की मजकूर उचलून खिडकी मिटायच्या आत दुसरीकडं ठेवा.

पऱ्हाटी

सगळं करून झालं की ही ओळ स्पेस देत देत लिहून बघा, पट्टीला हात न लावता:

‘औंदा शेतकरी पऱ्हाट्या उपटायलेत, मपलं बुचाड रानातच हाय, दुःख कामून करायलास?’

‘मपलं’ बदललं तर ऑटो-करेक्शन अजून चालू आहे. ‘पऱ्हाट्या’त रफार आला तर ऱ नीट पडला नाही. ‘दुःख’ तुटला तर विसर्गाच्या जागी अपूर्णविराम गेलाय. नुसत्या रेघा आल्या तर शब्दकोशात रूपं भरायची राहिलीत. कुठं अडतं ते इथंच लिहा, सोबत फोनची आणि कीबोर्डची आवृत्ती द्या.